गव्हाचा चीक आणि बाबांची पेटी

त्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. शेतात घोटाभर चिखल, निंदणाला जाता येत नव्हतं, म्हणून छपरीतली फ्रेम पुसायला घेतली. काच लखलखीत झाली तरी पोस्टरवरचे राखाडी ठिपके जाईनात. डोळे जवळ नेले तेव्हा कळलं, ठिपके आतून आहेत. बुरशी होती. मधोमध कागदाला फुगे आलेले, फुलक्याला येतात तसे. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग, आणि तिथे कागद काचेला चिकटलेला. मागचे खिळे काढून काच उचलली, तर तो चिकटलेला भाग काचेसोबतच वर आला. एका नटाचा अर्धा चेहरा आणि नावातली दोन अक्षरं काचेवर राहिली, बाकीचं प्लायवूडवर.

हे पोस्टर बाबांच्या पेटीतलं होतं. बाबा सत्तर-ऐंशीच्या दशकांत आर्वीच्या एका टॉकीजमध्ये पोस्टर लावायचं काम करत. आमच्या भागाला सिनेमाच्या धंद्यात आजही ‘सी.पी. बेरार’ (इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत-वऱ्हाड) म्हणतात आणि त्याचे वितरक मुख्यतः अमरावतीला. रिळांच्या पेट्या आणि पोस्टरांचे गठ्ठे तिकडूनच येत, कधी एस.टी.ने, कधी पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीने. बाबा सायकलला खळीची बादली अडकवून आसपासच्या गावांत फिरत आणि बाजाराच्या भिंती, पाराचा ओटा, जिनिंगचं कंपाऊंड रंगवून येत. गठ्ठ्यातलं एखादं पोस्टर उरलं की घडी करून पत्र्याच्या पेटीत टाकत. टॉकीज बंद पडली, पेटी राहिली. मी ती उघडली तेव्हा आत १४ पोस्टरं होती. आता १३ आहेत.

पोस्टर हा कागद टिकण्यासाठी छापलेला नसतोच. दोन-तीन आठवडे भिंतीवर, मग त्यावर दुसरं. म्हणून तर इतकी कमी उरलीत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज हाती असलेल्या सगळ्यांत जुन्या भारतीय पोस्टरांमध्ये गणलं जातं, म्हणजे त्याआधीचं जवळपास सगळं भिंतींनीच खाल्लं. आमच्या पेटीतलं काही तेवढं जुनं नाही. पण जे एकदा खराब झालं ते परत छापून येणार नाही, हे त्या काचेकडे पाहून मला पहिल्यांदा आतून कळलं.

ती फ्रेम मी तालुक्याच्या एका दुकानात करून घेतली होती. १,९०० रुपये लागले होते. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो तो असेच करतो. प्लायवर फेव्हिकॉल पसरायचा, कागद दाबून चिकटवायचा, वर थेट काच, चारी बाजूंनी फायबर पट्टी. लग्नाचा फोटो बिघडला तर निगेटिव्ह तरी असते. जुन्या पोस्टरला तीन गोष्टी एकदम बाधल्या: कागद पूर्ण चिकटवला म्हणून त्याला हवेसोबत फुगायला-आकसायला जागा राहिली नाही, काच अंगाला लागून होती म्हणून आत जमलेलं दव कागदावर उतरलं, आणि फ्रेम ज्या मातीच्या भिंतीला टेकली होती ती भिंत आषाढापासून ओल धरते. फेव्हिकॉल एकदा वाळला की पाण्याने सहज सुटत नाही. ते पोस्टर आजही प्लायला चिकटलेलंच आहे.

पुढचे चार-पाच महिने मी पेटीला हात लावला नाही. हिवाळ्यात तूर काढून झाल्यावर वर्ध्याला काम निघालं, तिथे जुनी हस्तलिखितं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची गाठ पडली. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि मोजकंच सांगितलं. जे लावाल ते उद्या सोडवता आलं पाहिजे. कागद फक्त वरच्या कडेने टांगायचा, बाकी मोकळा. काच आणि कागद यांच्यात हवा हवी. सेलोटेप घरातच ठेवू नका. तिचा गोंद कागदात झिरपून पिवळा पडतो, पट्टी गळून जाते आणि डाग कायमचा राहतो. ‘मग चिकटवायचं कशानं?’ असं विचारल्यावर म्हणाले, गव्हाचा स्टार्च. जगभरच्या संग्रहालयांत कागदाच्या दुरुस्तीला हाच वापरतात. वाळला की पक्का धरतो, आणि पुन्हा ओलावला की सुटतो.

घरी येऊन जेवताना हे सांगत होतो. गहू भिजवायचा, वाटायचा, चोथा काढून टाकायचा, खाली पांढरा साका बसतो तो घ्यायचा. आई ताटात भाकर टाकता टाकता थांबली.

“मंग हा त् कुरड्याचा चीकच झाला नं!”

खरंच तोच. मी आयुष्यभर उन्हाळ्यात तो चीक गूळ-तूप घालून खाल्ला आणि मला सुचलं नव्हतं.

चैत्रात आईने कुरड्यांचा गहू भिजवला तेव्हा दोन पायल्या जास्त टाकल्या. तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, लुगड्याच्या फडक्यातून गाळून मोठ्या गंजात रात्रभर ठेवला. सकाळी वरचं पिवळसर पाणी ओतून दिलं की खाली घट्ट पांढरा थर. कुरड्यांना इथपर्यंत पुरतं. माझ्या वाट्याचा चीक मात्र मी आणखी धुतला: स्वच्छ पाणी घालायचं, ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं ओतायचं. भिजलेल्या गव्हाला आंबूस वास येतो, तो आंबटपणा कागदाला चालत नाही, म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत चार-पाच वेळा. मग ताटात पसरून सावलीत वाळवला. त्याच्या खडूसारख्या वड्या झाल्या, त्या फोडून काचेच्या बरणीत भरल्या. मीठ नाही, हिंग नाही. आईने बरणीवर चिठ्ठी लावली, नाहीतर कुणीतरी पापडाच्या पिठात टाकला असता.

शिजवायची रीत अशी. एक चमचा पूड, पाच चमचे पाणी, अर्धा तास भिजू द्यायची. मग अगदी मंद आचेवर, हात न थांबवता ढवळायची. आधी दूध, मग एकदम गोळा, आणि ढवळत राहिलं की गोळा पुन्हा सैल होऊन काचेसारखा आरपार दिसायला लागतो. वीस मिनिटं तरी लागतात. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून दाबून काढायचा, म्हणजे गुठळी राहत नाही, आणि साईइतपत पातळ करायचा. तीन दिवसांच्या वर ठेवायचा नाही. आंबला की फेकून द्यायचा आणि नवा करायचा.

बाबा बाजेवर बसून हे सगळं पाहत होते. त्यांची खळ वेगळी असायची: मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचुदाने किडे-उंदीर लागत नाहीत. बाइंडिंगवालेही टाकतात. पण ते विष, शिवाय तांब्याचा क्षार कागदाला हळूहळू आतून जाळतो, म्हणून मी टाकलं नाही. बाबांना ते आधी पटलं नाही.

“आमचं काम कसं होतं, का चिकटवाचं ते असं, का पोट्ट्यांनं नखानं उकरलं तरी निघू नाही. अन् तू निंघाव म्हणून चिकटवून राह्यला.”

त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. त्यानंतर ते रोज संध्याकाळी माझ्या कामापाशी येऊन बसायला लागले.

आता घाईत केलेली एक चूक. मे महिन्यातच पेटीतलं दुसरं पोस्टर उघडलं. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. कागदाचंही तेच होतं. पोस्टर ३० बाय ४० इंचांचं, तीन घड्या घातलेलं, म्हणजे १५ बाय १० ची आठ घरं. दुसरी घडी उलगडताना पापड मोडावा तसा बारीक आवाज आला आणि घडीच्या चौकात दीड इंचाची चीर गेली. तिथेच थांबलो. परत घडी केली, पेटीत ठेवली आणि पावसाची वाट पाहिली.

जुलैमध्ये झड लागल्यावर तेच पोस्टर खोलीत नुसतं दोन दिवस सैल ठेवलं. हवेतल्या ओलीने कागद मऊ पडला आणि घड्या आपसूक ढिल्या झाल्या. ज्या ओलीने पहिलं पोस्टर खाल्लं तिचाच इथे उपयोग झाला. फरक एवढाच, की या वेळी कागद मोकळा होता आणि काम होताच मी त्याला कोरड्या जागी नेलं. धुतलेल्या पांढऱ्या सुती चादरीच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर प्लाय, प्लायवर गव्हाचं पोतं. चादर रोज बदलायची, म्हणजे उरलेली ओल ती पिते. आठवड्याने पोस्टर जवळजवळ सपाट झालं. घड्यांच्या रेषा राहिल्या. त्या मी जाऊ दिल्या नाहीत आणि जाणारही नव्हत्या. पोस्टर अमरावतीहून घडी होऊन आलं याची ती खूण आहे. इस्त्री फिरवायचा सल्ला मला तिघांनी दिला, पण जुन्या कागदाला आणि शाईला तेवढी धग दाखवायची माझी हिंमत नव्हती.

हे पोस्टर ‘देवकीनंदन गोपाला’चं. राजदत्तांचा १९७७ चा सिनेमा, डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा केले तो. गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे, आणि त्यांनी देह ठेवला तोही वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ ला. बाबा सांगतात, या सिनेमाला खेड्यांतून बैलगाड्या भरून लोक आले होते, आणि कित्येकांनी गाडगेबाबांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेलं होतं. या पोस्टरच्या खालच्या कडेला एक गुलाबी कागदी पट्टी चिकटवलेली आहे, ‘दररोज ३ खेळ’. बाबांच्या हातची. गठ्ठा आला की आधी पट्ट्या लावून ठेवायचे, मग वाटायचे. चीर दुरुस्त करताना ती पट्टी ओल्या कापसाने काढता आली असती. कापूस हातात घेतलाही. मग पाहिलं, पट्टी एका बाजूला थोडी तिरपी लागलीय आणि तिच्यावर बोटाचा ठसा उमटून वाळलाय, खळीने भरलेल्या अंगठ्याचा. कापूस खाली ठेवला.

चीर मागच्या बाजूने सांधली. त्यासाठी हातकागदाचा सगळ्यांत पातळ ताव घेतला आणि पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडली, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड पुढून उमटत नाही. चिकाचा हात अगदी हलका, वर बटर पेपर, त्यावर इस्त्रीचं थंड वजन, एक रात्र. ओलं काही करायच्या आधी प्रत्येक रंगाच्या कोपऱ्यात किंचित ओल्या कापसाने टेकून पाहायचं. रंग कापसाला आला तर पाणी वर्ज्य. या पोस्टरची शाई पक्की निघाली.

मागे टेकू काय द्यायचा, यावर मी सगळ्यांत जास्त विचार केला. प्लाय आणि हार्डबोर्ड लाकडाचेच. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि तो तपकिरी, कुरकुरीत होतो. जुन्या वर्तमानपत्राचं होतं तेच. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात ते जवळपास नसतं. आणि हा कागद आपल्याकडे परका नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पांनी चालवला, तिथल्या उद्योगांत हातकागद होता. मी खादी भांडारातून २२ बाय ३० चे दोन ताव आणले. शेजारी शेजारी ठेवले की ४४ बाय ३०, पोस्टरला बरोबर पुरतात. कापसाच्या मुलखात पऱ्हाटी पिकवायची आणि पोस्टर भुशाच्या पुठ्ठ्यावर ठेवायचं, हे मला बरं वाटेना.

तावांच्या मागे कडकपणासाठी सनपॅक शीट, म्हणजे जाहिरातीच्या फलकांचं ते नळ्या-नळ्यांचं प्लास्टिक. निवडणूक झाली की गावोगाव पडलेलं असतं. त्यावरचा छापील स्टिकर सोलून साबणाने धुवायचं. ओल धरत नाही, वाळवी खात नाही, पैसा लागत नाही.

पोस्टर हातकागदावर टांगलं ते फक्त दोन बिजागऱ्यांवर. दोन इंची पट्ट्या, अर्धी पोस्टरच्या वरच्या कडेला मागून, अर्धी हातकागदावर, आणि त्यावर एक आडवी पट्टी. पट्टीचा कागद पोस्टरपेक्षा कमजोर हवा. फ्रेम पडली-बिडली तर फाटायचं ते पट्टीने फाटावं.

समोर काच की ॲक्रिलिक? दुकानात सांगतात काच स्वस्त, आणि ते खरंच आहे. पण ३० बाय ४० ला साडेतीन मिलिमीटरची काच घेतली तर एकट्या काचेचं वजन पावणेसात किलोच्या आसपास जातं. मातीच्या भिंतीतला खिळा एवढं धरत नाही. २ मिलिमीटरचं ॲक्रिलिक दोन किलोच्या आत बसतं आणि फुटून पोस्टर कापत नाही. अमरावतीला नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे मोठ्या शीटचे उरलेले तुकडे असतात. माप चिठ्ठीवर लिहून ठेवून आलो होतो, महिन्याने फोन आला, ५५० रुपयांत मिळालं. त्यावरची संरक्षक पातळ फिल्म अगदी शेवटी काढायची. कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडतात आणि धूळ उलट ओढली जाते. साबणाचं पाणी आणि मऊ मलमल, बस.

ॲक्रिलिक आणि पोस्टर यांच्यात फट हवी, ती मी बांबूच्या कामट्यांनी केली. आमच्या गावच्या बुरडीण मावशीने पाच मिलिमीटर जाडीच्या चार कामट्या एकसारख्या सोलून दिल्या आणि बजावलं, “पान्यात पडू दे पंधरा दिवस, मंग भुंगा नाही लागत.” बांबूतलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरतं आणि भुंगा त्याच सत्त्वासाठी येत असतो, हे तिला बरोबर ठाऊक होतं. पंधरा दिवस हौदात दगडाखाली ठेवल्या, सावलीत वाळवल्या, फ्रेमच्या आतल्या कडेला बसवल्या. पुढून त्या दिसतही नाहीत.

चौकट सागाची. वाढईभाऊंकडे दारं-खिडक्या करून उरलेल्या सागाच्या पट्ट्या पडून असतात, त्या त्यांनी १५० रुपयांत दिल्या, मजुरी २००. मला वाटलं होतं चार पट्ट्या, चार खिळे, तासाभराचं काम. त्यांनी अर्धा दिवस घेतला. प्रत्येक टोक ४५ अंशांत कापून, रंध्याचा एक-एक हात मारून गुण्या लावून पाहत होते. चौकट जुळल्यावर दोरीने एक कर्ण मोजला, मग दुसरा. एका सुताएवढा फरक आला तर चौकट पुन्हा सोडवली. “भाऊ, इतं सूतभर सुटलं त् वरतं बोटभर दिसते,” म्हणाले. कर्ण सारखे झाल्यावरच कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या. आतलं माप त्यांनी पोस्टरपेक्षा सगळीकडून पाव इंच मोठं ठेवायला लावलं, पावसाळ्यात कागदाला पसरायला. लाकडाला मी फक्त जवसाचं तेल दिलं आणि वास जाईपर्यंत तीन आठवडे बाहेर ठेवलं.

हातकागद १२०, हूक आणि तार ४०, मागची कड बंद करायला खाकी कागदी टेप ३०. सगळं मिळून १,०९०. ही टेप फक्त लाकडाला आणि सनपॅकला, पोस्टरला तिचा स्पर्शही नाही. तिच्यामुळे कसर आत जात नाही.

एवढा खर्च प्रत्येक पोस्टरला करायची गरज नाही. माझ्या पोराला एका नव्या सिनेमाचं पोस्टर हवं होतं. ते वर-खाली सागाच्या दोन-दोन पट्ट्यांत धरून, छोटे नट-बोल्ट आवळून, सुतळीने टांगलं. कॅलेंडर टांगतो तसंच. ९० रुपये. खालच्या पट्टीच्या वजनाने कागद ताठ राहतो आणि बदलायचं म्हटलं तर पाच मिनिटांत बदलतं. आणि टॉकीजच्या दारातल्या चौकटीत लावायचे ते फोटो चार होते, त्यांना मी पाडलेल्या वाड्याच्या भंगारातली चार काचांची खिडकी वापरली. काचेमागे कामटी, कामटीमागे फोटो. आईला ती सगळ्यांत जास्त आवडते.

कुठे टांगावं हे मात्र पैशांनी सुटत नाही. गावच्या सलूनमध्ये जुने नट कसे निळे पडलेले दिसतात, तसं होऊ द्यायचं नसेल तर ऊन टाळावंच लागतं. छपाईतला पिवळा आणि गुलाबी रंग उन्हाने आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो. साधी काच किंवा साधं ॲक्रिलिक ते पूर्ण अडवत नाही. आमची छपरी पश्चिमेला तोंड करून, म्हणून ती बाद. स्वयंपाकघराची भिंत धुरामुळे बाद. देव्हाऱ्याजवळ उदबत्ती. राहिली मधल्या खोलीतली उत्तरेकडची भिंत, बंगईसमोरची, म्हणजे झोपाळ्यासमोरची. तीही मातीचीच, खिळा मारला की पोपडा निघतो. तेव्हा भिंतीला हातच लावला नाही. वरच्या मयालीला, म्हणजे छताच्या आडव्या तुळईला, दोन हूक बसवून तारेने फ्रेम सोडली, आणि खालच्या कोपऱ्यांना मागून बांबूच्या दोन चकत्या लावल्या, म्हणजे फ्रेम भिंतीपासून दोन बोटं लांब राहते आणि मागून वारा खेळतो. गेल्या पावसाळ्यात दर रविवारी फ्रेममागे हात घालून पाहिलं. भिंत गार लागायची, सनपॅक कोरडा.

टांगायच्या दिवशी बाबा बंगईवर बसले होते. मी स्टुलावर उभा राहून, संग्रहालयात ठेवतात तसं चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं धरलं. सहा फुटांच्या आत वरची कड जात नव्हती.

“अजून वर,” बाबा म्हणाले. मग स्वतःच थांबले. “नाही. थांब. वर मी गाईपायी लावत होतो.”

मला माहीत नव्हतं. पोस्टर माणसाच्या हातापेक्षा वर लावायचं कारण माणूस नव्हताच. बाजाराच्या गावी मोकाट गाई आणि बकऱ्या खळीच्या वासाने येऊन पोस्टर चाटत, मग ओला कागद दातांनी ओढून खात. सकाळी लावलेलं दुपारी अर्धं. म्हणून ते सायकलच्या कॅरिअरवर उभे राहून हात पुरेल तिथवर लावत, आणि मोरचूदही त्यासाठीच जरा जास्त टाकत, चवीने गाय मागे हटावी म्हणून. तेवढ्याने एखादं जनावर आजारी पडेल या भीतीने पुढे ते बंद करून फक्त उंची वाढवली.

“इतं गाय कुठी हाय,” ते म्हणाले. “बंगईवर बसल्या माणसाले दिसलं पाह्यजे. खाली घे.”

एक वीत खाली घेतलं. त्यांनी पाय टेकून बंगई थांबवली, बराच वेळ पाहिलं, आणि गुलाबी पट्टीकडे बोट करून म्हणाले, ती तिरपी लागली आहे, त्या दिवशी घाई होती, पुलगावची गाडी उशिरा आली होती.

पेटीत आता १२ आहेत. पुढच्या पोस्टरच्या दोन घड्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. चीक बरणीत आहे. झड लागली की उघडीन.